हवेचा हिशेब

आपल्या कॉलेजात 'हवा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे गॅदरिंगमध्ये स्टेजवर गेल्यावर एखाद्याची होते ती. दुसरी म्हणजे थर्मल लॅबच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरच्या टाकीत असते ती. पहिली माझी कधी झाली नाही. दुसरीनं मात्र माझी चांगलीच काढली. त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात प्रॅक्टिकलपासून करतो. एअर कॉम्प्रेसरचं प्रॅक्टिकल ज्या दिवशी होतं त्या दिवशी मी रूमवर झोपलो होतो. फाईल लिहायची वेळ आली तेव्हा माझ्या रूम पार्टनरची फाईल समोर घेतली. (पार्टनर किनवटचा, म्हणून सगळं हॉस्टेल त्याला 'किनवट'च म्हणतं.) किनवटनं ती एका सिनिअरच्या फाईलवरून उतरवली होती आणि सिनिअरनं कुणावरून, ते त्यालाच माहीत! आमच्या बॅचच्या एकजात सगळ्या फाईलींत मॅनोमीटरमधली पाण्याची उंची होती बरोबर ६० मिलिमीटर. ना एक मिलिमीटर कमी, ना एक जास्त. देशात एवढी एकी दुसरीकडे कुठे दिसायची नाही.

व्हायवाला सरांनी विचारलं, "कॉम्प्रेसरवर फ्री एअर डिलिव्हरी लिहिलेली असते. फ्री एअर म्हणजे काय?"

मी म्हणालो, "फुकटची हवा, सर."

सर हसले. दहापैकी सहा मार्क दिले. त्या सहा मार्कांची किंमत पुढे कोणाला मोजावी लागणार होती, हे तेव्हा माहीत नव्हतं.

माझे बाबा लातूरला एका डाळ मिलमध्ये सॉर्टेक्स मशीनवर आहेत. ज्यांना सॉर्टेक्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुरीची डाळ तयार झाली की त्यात डागी दाणा, काळा दाणा, टरफल, खडा राहतोच. पूर्वी बायका सुपानं पाखडून, हातानं निवडून काढायच्या. आता डाळ उतरत्या पन्हळीवरून खाली सोडतात. खाली पडताना कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो. काळा दिसला की समोरच्या बारीक छिद्रातून हवेचा एक फटकारा बसतो आणि तेवढा एकच दाणा बाजूला उडतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत! एका सेकंदात असे किती फटकारे बसतात ते मोजायला आपण पुरे पडत नाही. सगळा खेळ हवेवर. दाब कमी पडला की फटकारा ढिला पडतो, काळा दाणा चांगल्या डाळीत जातो, आणि दाब सांभाळायला मशीन मंद करावं तर माल निघत नाही.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर बाबा गप्प गप्प. आईनं सांगितलं, मिलचा माल दोनदा परत आला. डाळीत काळे दाणे निघाले. शेठ बाबांवर चिडलेत. मशीनवर बाबा, कॉम्प्रेसरचं तेल-पाणी बघायला बाबाच. मग दोष कुणाचा? बाबांचाच.

तुम्हाला सांगतो, मला फार वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. इंजिनिअरिंगला आल्यापासून पहिल्यांदा घरच्यांच्या उपयोगी पडायची संधी होती! दुसऱ्या दिवशी बाबांच्या डब्याबरोबर मीही मिलमध्ये. शेठनी "या इंजिनिअर साहेब" म्हणून चहा पाजला. मी खिशातून मोबाईल काढला, स्टॉपवॉच लावलं आणि कामाला लागलो.

कॉम्प्रेसर १० हॉर्सपॉवरचा, पिस्टनवाला. पाटीवर लिहिलेलं ३५ सीएफएम, म्हणजे मिनिटाला ३५ घनफूट. हवेची टाकी ५०० लिटरची. मी टाकीतली सगळी हवा सोडून काटा शून्यावर आणला. टाकीपुढचा व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे हवा लाईनीत जाणार नाही. कॉम्प्रेसर चालू केला. काटा ७ किलोवर यायला बरोबर ४ मिनिटं लागली. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. पुढे मी काय केलं? ५०० लिटरची टाकी, ४ मिनिटांत भरली, म्हणजे मिनिटाला १२५ लिटर. एका घनफुटात २८.३ लिटर. म्हणजे साधारण साडेचार सीएफएम.

पाटीवर ३५ आणि हातात साडेचार! मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "शेठ, कॉम्प्रेसर फक्त तेरा टक्के काम करतोय. मेलाय तो."

शेठ माझ्याकडे बघत नव्हते. ते बाबांकडे बघत होते.

"मामा, तेल तुम्हीच बदलता ना?"

"व्हय शेठ," बाबा म्हणाले. दुसरं काहीच बोलले नाहीत.

त्याच संध्याकाळी शेठनी नव्या कॉम्प्रेसरचं कोटेशन मागवलं. दुसऱ्या दिवशी बाबांना सॉर्टेक्सवरून काढून पोती शिवायला बसवलं. पगार कापला नाही, पण "दिवाळीनंतर बघू" असं म्हणाले. मी घरात आईला समजावून सांगत होतो की यंत्र खराब आहे, त्यात बाबांचा काय दोष. बाबा जेवता जेवता एवढंच म्हणाले, "तेरा टक्क्यावर चाललं आसतं तर एक पोतं सुदिक निघालं नसतं रे. पण तू शिकलेला हायस."

सुट्टी संपली. लातूर-नांदेड गाडी अहमदपूर, लोहा करत विष्णुपुरीच्या फाट्यावर आली, मी उतरलो आणि हॉस्टेलवर पोचलो. रात्री मेसमध्ये किनवटला मोठ्या ऐटीत सगळी स्टोरी सांगितली. त्यानं पोळीचा घास हातात धरून विचारलं, "पण माझ्या सायकलच्या ट्यूबमध्ये जेवढी जागा असते, तेवढेच लिटर हवा पंपानं भरतो का आपण? मग ट्यूब कडक कशी होते?"

माझा घास तिथंच अडकला.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो. सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिडकीबाहेर धरणाच्या दिशेनं बोट केलं. "तिथे गोदावरीचं पाणी अडवलंय. पंपानं उचलून कालव्यात सोडतात. खालून हजार लिटर उचललं आणि वाटेत गळती नसली, तर वर किती लिटर पोचेल?"

"हजार, सर."

"हवेचं तसं आहे का?"

नाही. पाणी दाबलं तरी जवळजवळ तेवढंच राहतं. हवा दाबली की आकसते. मुक्त हवेचे सात लिटर दाबून दाबून एका लिटरच्या जागेत बसवता येतात. म्हणून हवेच्या बाबतीत नुसतं "इतके लिटर" म्हणण्याला अर्थच नाही. कोणत्या दाबाला, ते सांगावं लागतं. आणि सगळ्यांची बोली एक व्हावी म्हणून ठरलेलं आहे की कॉम्प्रेसरनं बाहेरच्या वातावरणातली किती हवा आत ओढून पुढे पोचवली, तेच सांगायचं. तीच फ्री एअर. फुकटची नव्हे!

मग हिशेब असा: टाकीचा आकार गुणिले वाढलेला दाब, भागिले वातावरणाचा दाब, भागिले मिनिटं. ५०० गुणिले ७ म्हणजे ३५००. वातावरणाचा दाब १.०३ किलो धरला तर ३४०० लिटर. चार मिनिटांनी भागलं की मिनिटाला ८५० लिटर. म्हणजे ३० सीएफएम! टाकीतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते, तिची दुरुस्ती केली तर २९. लातूर बालाघाटाच्या पठारावर असल्यामुळे वातावरणाचा दाब समुद्रकाठापेक्षा जरा कमी, पण त्यानं उत्तरात फार फरक पडत नाही.

३५ पैकी २९. कॉम्प्रेसर थोडा दमलेला होता, पण मेलेला अजिबात नव्हता. बाबांनी तो नीट सांभाळला होता. मेलं होतं ते माझं गणित.

सरांनी त्या दिवशी मला लॅबमध्ये एकट्याला उभं केलं आणि प्रॅक्टिकल पुन्हा करायला लावलं. हवा एका डब्यातून आत ओढली जाते, डब्याला २० मिलिमीटरचं गोल छिद्र. छिद्रातून हवा आत शिरते तेव्हा मॅनोमीटरमधलं पाणी चढतं. पाणी किती चढलं असेल? ४६ मिलिमीटर! पिढ्यान्‌पिढ्या फाईलीत नांदणारे ६० नव्हेच. ४६ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४० मीटर उंचीचा हवेचा स्तंभ. त्यावरून छिद्रातला वेग निघतो सेकंदाला २८ मीटर. त्याला छिद्राच्या क्षेत्रफळानं आणि ०.६२ या गुणांकानं गुणलं की मिनिटाला ३२७ लिटर, म्हणजे साडेअकरा सीएफएम. आयुष्यात पहिल्यांदा एक आकडा माझ्या मालकीचा झाला.

"आता मिलमध्ये जाऊन काय करणार?" सरांनी विचारलं.

"शेठना सांगणार, सर. माझं चुकलं म्हणून."

"ते तर कराच. पण मग दाब का पडतोय, तेही शोधा. नाहीतर तुमच्या बाबांवरचा आळ तसाच राहील."

शनिवारच्या गाडीनं मी पुन्हा लातूरला. रात्री बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं खूश होतील. ते म्हणाले, "शेठपुढं चुकलो म्हणू नकोस. उद्या तुला कोन इंजिनिअर म्हनंल?" माझं नाव जाईल याची काळजी त्यांना स्वतःच्या कामापेक्षा जास्त होती. मी रात्रभर झोपलो नाही. सकाळी शेठच्या गादीसमोर उभा राहिलो आणि सांगून टाकलं. हात थरथरत होते. वहीतलं पान दाखवलं. शेठनी चष्मा लावून पान बघितलं आणि विचारलं, "मग आता खरं काय धरायचं? तेव्हाचं का आताचं?" बरोबरच होतं त्यांचं. एकदा चुकलेल्याचा दुसरा आकडा कोण मानतो?

बाबा दारात उभे होते. ते एकदम म्हणाले, "शेठ, मिल बंद झाल्यावर येकडाव येऊन आयका."

रात्री नऊ वाजता मिल बंद झाली. चाळण्यांचा खडखडाट थांबला, पंखे थांबले. कॉम्प्रेसर आणि लाईन तेवढी चालू ठेवली. आणि त्या शांततेत ऐकू यायला लागलं. सूऽऽऽ. एका कोपऱ्यातून. मग दुसऱ्या. मग डोक्यावरून. जणू सगळी मिल दातांतून श्वास घेत होती.

"वरीसभर सांगूलालो मुनीमजीला," बाबा म्हणाले, "रातच्याला पाइप सुसू करूलालाय म्हनून. दिवसा कुनाला आयकूच येत न्हाई, मग कोन मानंल?"

मला २०१६ चा उन्हाळा आठवला. मी लहान होतो. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर. त्या दिवसांत आमच्या गल्लीत कुणाच्या नळाचा थेंब गळाला तरी आई खाली तांब्या ठेवायची. पाणी गळतं ते दिसतं. जमीन ओली होते, शेजारी ओरडतात. हवा गळते ती कुणाला दिसत नाही, ओल नाही, डाग नाही. पण ती हवा दाबायला वीज लागलेली असते, आणि विजेचं बिल बरोबर येतं!

आता गळती मोजायची कशी? यासाठी कुठलंही मीटर लागत नाही, नुसतं घड्याळ पुरतं. हवा वापरणारी सगळी मशीनं बंद ठेवायची, लाईन उघडी ठेवायची आणि बघत बसायचं. टाकी भरली की कॉम्प्रेसर आपोआप थांबतो. गळतीनं दाब उतरला की पुन्हा चालू होतो. कुणीच हवा वापरत नाही, तरी तो चालतोय म्हणजे तो फक्त गळतीसाठी चालतोय. शेठ स्वतः घड्याळ धरून बसले. सव्वा मिनिट चालू, तीन मिनिटं बंद. पाच वेळा बघितलं, पाचही वेळा तेच. सव्वा भागिले सव्वाचार म्हणजे जवळजवळ ३० टक्के. २९ सीएफएमपैकी जवळजवळ ९ सीएफएम हवा भिंतीला फुंकर घालत होती. बारा तासांच्या पाळीत साधारण २७ युनिट वीज. जिथे लक्ष दिलं जात नाही अशा कारखान्यांत २० ते ३० टक्के गळती ही नेहमीची गोष्ट आहे, असं सरांनी सांगितलं होतं. आमची मिल काही जगावेगळी नव्हती.

बाबांनी बादलीत साबणाचं पाणी केलं. मी शिडीवर, बाबा खाली टॉर्च घेऊन. जिथे फेस फुगला तिथे खडूनं खूण. रात्री साडेअकरापर्यंत अकरा जागा सापडल्या. त्यातल्या आठ जागा बाबांनी कानानंच आधी सांगितल्या होत्या.

पण एवढ्यावर संपलं नव्हतं. मशीन चालू असताना टाकीवर साडेसहा किलो आणि मशीनवर पाचच. मधले दीड किलो कुठे गेले? गळतीनं सगळीकडचा दाब पडतो, पण दोन टोकांमध्ये एवढा फरक पडायला दुसरं कारण हवं. लाईन अर्ध्या इंचाची, कोपरे धरून साठेक मीटर. हवा जाताना पाइपाच्या भिंतीला घासते आणि दाब खर्ची पडतो. किती, त्याचं सूत्र आहे. त्यातली गंमत एवढीच लक्षात ठेवा की तो तोटा पाइपाच्या व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. पाचव्या! व्यास अर्धा झाला तर तोटा दुप्पट नाही, चौपट नाही, तब्बल ३२ पट. स्वच्छ अर्ध्या इंची पाइपाचं, म्हणजे आतून १६ मिलिमीटरचं उत्तर आलं ०.४ किलो. मग उरलेलं? शेठनी एक तुकडा कापायला परवानगी दिली. आत गंजाचा थर! दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिलिमीटर. १६ चे उरले १३. आकडा १३ घालून पुन्हा गणित केलं तर तोटा ०.४ वरून सरळ १.१ वर. उरलेला ०.४ मशीनजवळच्या फिल्टरवर सापडला, तो तुरीच्या धुळीनं आणि तेलानं गच्च झाला होता. बेरीज दीड. कॉपी न करता बेरीज जुळली की काय वाटतं, ते शब्दांत सांगता येत नाही!

नवा कॉम्प्रेसर घेतला असता तर काय झालं असतं? जास्त हवा त्याच गंजक्या पाइपातून रेटली असती. हवा वाढली की घर्षणाचा तोटा त्याहून जास्त वेगानं वाढतो. लाखभर रुपये गेले असते आणि काळा दाणा डाळीतच राहिला असता. आणि मग बाबांना कुणी परत मशीनवर बसवलं असतं?

लायब्ररीत वाचलेली एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रान्स आणि इटलीच्या मध्ये आल्प्स पर्वताखालून रेल्वेचा फ्रेजुस बोगदा १८५७ साली खणायला घेतला. लांबी तेरा किलोमीटरच्या आसपास. आत वाफेचं इंजिन नेलं तर माणसं धुरानं मरतील. सोमेये नावाच्या इंजिनिअरनं बाहेर पाण्याच्या जोरावर हवा दाबली आणि पाइपातून कित्येक किलोमीटर आत नेऊन तिच्यावर ड्रिल चालवले. एवढ्या लांब हवा पोचेल का, दाब राहील का, ही शंका तेव्हाही होतीच. पाइप पुरेसा मोठा आणि सांधे घट्ट असतील तर हवा पोचते, हे त्यांनी करून दाखवलं. १८७१ साली बोगदा सुरू झाला, सोमेये मात्र त्याच्या दोनच महिने आधी वारले. डोंगराच्या पोटात किलोमीटर किलोमीटर हवा जाते आणि आमच्या मिलमध्ये साठ मीटर जाईना!

शेठनी कोटेशन थांबवलं. गळती बंद केली, फिल्टर बदलला. मग पुन्हा घड्याळ लावलं: एक मिनिट चालू, अकरा मिनिटं बंद. म्हणजे ८ टक्के. लाईन एक इंची टाकायला महिना लागला, कारण सीझन चालू होता. ती झाल्यावर मशीनवर सव्वासहाच्या वर काटा राहायला लागला. बाबा सॉर्टेक्सवर परत गेले ते त्यानंतर. मधला सव्वा महिना ते पोती शिवत होते. तो सव्वा महिना माझ्या साडेचार सीएफएमचा आहे, तो कुठल्याच सूत्रानं भरून निघत नाही.

बाबांना मी एकदा विचारलं, "तुम्हाला माहीत होतं तर त्या दिवशी शेठसमोर बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "तू आकडा सांगितलास. आकड्यापुढं कानाचं कोन आयकतंय?"

तेव्हापासून वहीत कुठलाही आकडा लिहिताना मला ते वाक्य ऐकू येतं. आकडा चुकीचा असला तरी लोक तो मानतात. कारण तो आपण सांगितलेला असतो, 'शिकलेल्या'नं.

असो. फार लांबलं. ज्युनिअर मित्रांना एवढंच सांगणं: कॉम्प्रेसरच्या प्रॅक्टिकलला झोपू नका. टाकीपुढचा व्हॉल्व्ह आधी बंद करा, मॅनोमीटरमधलं पाणी स्थिर होऊ द्या आणि जे दिसेल तेच लिहा. ६० आलं नाही तर घाबरू नका. माझी जुनी फाईल आता कुणालाही मिळणार नाही. किनवटनं मागितली होती, त्यालाही दिली नाही. त्याला म्हणालो, चल, लॅब उघडी आहे.